शून्याचा मान आणि यंत्राचे नाव

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पूर्वेकडील चढावर खडक कोरून तयार केलेले चतुर्भुजाचे एक लहानसे देऊळ आहे. किल्ला पाहावयास निघालेली मंडळी बहुधा त्याच्यावरून तशीच पुढे जातात. परंतु ज्याला अंकांची आवड आहे त्याने तेथे थोडा वेळ अवश्य थांबावे. इ. स. ८७६ मधील एक शिलालेख त्या देवळात आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद अशी जमीन दिली आणि माळ्यांनी रोज ५० माळा देवाला पुरवाव्यात, असा मजकूर त्यात आला आहे. या २७० मध्ये आणि ५० मध्ये जे लहानसे वाटोळे चिन्ह कोरलेले दिसते तेच आपले शून्य होय. ज्यांचा काळ निश्चित ठाऊक आहे अशा भारतातील अतिशय जुन्या शून्यांपैकी हे एक आहे.

आता क्षणभर अशी कल्पना करा की, कोरणाऱ्या कारागिराला ते वाटोळे चिन्ह निरर्थक वाटले आणि त्याने ते गाळले. मग बाग २७ हातांची झाली असती आणि देवाला माळा मिळाल्या असत्या पाच! शून्याला स्वतःची किंमत नसली तरी ते जागा राखते, आणि त्याने जागा राखली म्हणूनच शेजारच्या अंकाला त्याची खरी किंमत मिळते. अकराशे वर्षांहून जुनी असलेली ही गोष्ट आज आठवण्याचे कारण असे की, आजच्या मोठमोठ्या संगणकांच्या कारखान्यात हाच प्रश्न रोज नव्या वेशात उभा राहतो. तेथे यंत्राच्या एका भागाचे नाव सोळा चिन्हांत लिहिलेले असते, त्या नावात शून्येच पुष्कळ असतात, आणि त्यांतील एक जरी हलले तरी एका खात्याची माहिती दुसऱ्याच खात्याच्या हाती पडू शकते. हे नाव कशाचे, ते कोणी ठेवले आणि ते बिनचूक कसे शोधून काढावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोतेहो, आपल्या घरातील संगणकाची माहिती त्याच्या पोटातच असलेल्या डिस्कवर साठविलेली असते. बँक, रेल्वे, रुग्णालय, विद्यापीठ अशा ठिकाणी तसे करून भागत नाही. तेथे काम करणारे संगणक, म्हणजे सर्व्हर, एका बाजूला असतात आणि शेकडो डिस्कांनी भरलेले एक वेगळे कपाट दुसऱ्या बाजूला असते. या कपाटाला सर्वजण ‘स्टोरेज’ म्हणतात. सर्व्हर बिघडला तरी माहिती सुरक्षित राहावी, आणि एकाच कपाटातून अनेक सर्व्हरांना हवी तेवढी जागा वाटून देता यावी, हा या व्यवस्थेचा हेतू. सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यामध्ये काचेच्या धाग्यांच्या केबली धावतात, त्या केबली एका स्विचमध्ये एकत्र येतात, आणि या सर्व जाळ्याला ‘सॅन’ असे नाव आहे. त्यावर जी बोली चालते तिला ‘फायबर चॅनल’ म्हणतात. तिचे प्रमाण अमेरिकेतील मानक-संस्थेने १९९४ साली मान्य केले.

सर्व्हरला हे जाळे जोडण्यासाठी त्याच्या पाठीमागे एक कार्ड बसवावे लागते. त्याला कारागिरांच्या भाषेत ‘एचबीए’ म्हणतात. आपल्या आजच्या गोष्टीचा नायक हे कार्डच आहे. कारण स्टोरेजच्या दृष्टीने सर्व्हर म्हणजे हे कार्ड. सर्व्हरला आपण ‘लेखा-१’ म्हणा, ‘परीक्षा-२’ म्हणा, स्टोरेजला त्याचे काही नाही. ती नावे माणसांनी ठेवलेली, आज आहेत तर उद्या बदलतील. स्टोरेज विचारते ते एवढेच, ‘माझ्या दाराशी आलेल्या या कार्डाचे जन्मनाव काय?’ ते नाव आपल्या यादीत असेल तर ते डिस्क दाखविते, नसेल तर मुकाट्याने बसून राहते. कार्डाच्या या जन्मनावाला ‘वर्ल्ड वाइड नेम’ म्हणजे जगभर एकमेव असलेले नाव असे म्हणतात, आणि बोलताना नुसते ‘डब्ल्यूडब्ल्यूएन’.

जगभर एकमेव! हा दावा लहान नाही. या एका लष्करात सारख्या नावाचे चार सदाशिवराव निघतील, मग जगातील लाखो कार्डांची नावे कधी जुळणारच नाहीत, याची हमी कोणी द्यावी? याचे उत्तर आपल्या जमिनीच्या दप्तरात सापडते. मध्य प्रदेशाच्या भू-अभिलेख आयुक्तांचे कार्यालय अनेक दशके ग्वाल्हेरात राहिले, त्यामुळे येथील जुन्या मंडळींना खसरा क्रमांकाची ओळख करून देण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील वाचकांनी त्याच्या जागी गट क्रमांक धरावा. खसरा क्रमांक १८७ हा शेकडो गावांत असू शकतो. परंतु त्याच्यापुढे गाव, तहसील व जिल्हा लिहिला की त्या क्रमांकाचे शेत पृथ्वीच्या पाठीवर एकच उरते. गावातील शेतांना क्रमांक देण्याचे काम गावाच्या दप्तराने करावयाचे, आणि दोन गावे एकमेकांत मिसळणार नाहीत एवढे वरच्या कचेरीने पाहावयाचे, अशी ही वाटणी आहे.

कार्डांच्या बाबतीत वरच्या कचेरीचे काम ‘आयईईई’ ही विद्युत अभियंत्यांची जागतिक संस्था करते. ती प्रत्येक उत्पादक कंपनीला सहा चिन्हांचा एक क्रमांक देते, आणि तो दुसऱ्या कोणत्याही कंपनीला देत नाही. हे झाले गावाचे नाव. पुढे त्या कंपनीने आपल्या प्रत्येक कार्डाला वेगळा अनुक्रमांक घालावयाचा. हे झाले शेत. दोन्ही मिळून जे नाव होते ते एकमेव ठरते. तेथे कोणताही चमत्कार नाही. दप्तर नीट ठेवण्याची शिस्त आहे, एवढेच.

हे नाव सोळा चिन्हांचे असते आणि ते सोळांच्या मापाने लिहितात. आपण दहांच्या मापाने मोजतो, म्हणून आपल्याला शून्य ते नऊ असे दहा अंक पुरतात. सोळांच्या मापात आणखी सहा चिन्हे लागतात. त्यांसाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही इंग्रजी अक्षरे घेतलेली आहेत. ए म्हणजे दहा, एफ म्हणजे पंधरा. अशी सोळा चिन्हे ओळीने मांडली असता जितकी निरनिराळी नावे होऊ शकतात त्यांची संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ इतकी भरते. नावांचा तुटवडा पडेल ही चिंता सध्या तरी कोणी करू नये.

आता एक नमुना पाहू. वाचण्याच्या सोयीसाठी दोन-दोन चिन्हांनंतर विसर्गासारखे दोन टिंब देण्याची पद्धत आहे.

१०:००:००:००:सी९:४२:०७:५०

यातील अगदी पहिले चिन्ह, म्हणजे १, हे नावाची जात सांगते. या जातीच्या नावात पहिली चार चिन्हे १००० अशीच असतात. त्यापुढील सहा चिन्हे ‘००००सी९’ ही उत्पादकाची, आणि हा क्रमांक एम्युलेक्स नावाच्या कंपनीचा आहे. शेवटची सहा चिन्हे ‘४२०७५०’ ही त्या एका कार्डाची. नावाचा आरंभ ‘२१:००:००:ई०:८बी’ असा दिसला तर तो क्यूलॉजिक कंपनीचा समजावा. येथे पहिले चिन्ह २ आहे, म्हणजे जात निराळी आहे. तिच्यात दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या चिन्हांचा उपयोग कंपनी आपल्या सोयीने करते. या कंपनीच्या अनेक जुन्या, दोन पोर्टांच्या कार्डांत पहिल्या पोर्टाचे नाव ‘२१:००’ ने आणि दुसऱ्याचे ‘२१:०१’ ने सुरू होते. ज्या नावाचा आरंभ ५ ने होतो त्यात कंपनीचा क्रमांक लगेच दुसऱ्या चिन्हापासून लागतो आणि मागे नऊ चिन्हे मोकळी राहतात. त्यांतून एकाच कंपनी-क्रमांकाला सुमारे ६,८७२ कोटी नावे ठेवता येतात.

येथे एक मौज सांगण्यासारखी आहे. एम्युलेक्स ही कंपनी २०१५ साली दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, आणि क्यूलॉजिक २०१६ साली. परंतु त्यांची चिन्हे आजही त्या कार्डांच्या नावांत जशीच्या तशी आहेत. आपल्या लष्कराचे तरी दुसरे काय झाले? १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या सैन्याचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला म्हणून त्या वस्तीला लष्कर म्हणू लागले. तळ केव्हाच उठला, तेथे बाजार आणि वाडे उभे राहिले, पण नाव राहिले. नावाचे काम ओळख पटविणे. मालक बदलला म्हणून ते बदलू लागले तर ओळख कशाने पटावी?

नाव शोधावयास निघण्यापूर्वी आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. एका कार्डाला एक नाव असते असे नाही. संपूर्ण कार्डाचे एक नाव असते, त्याला ‘नोड’चे नाव म्हणतात, आणि कार्डावरील प्रत्येक पोर्टाचे, म्हणजे केबल जोडण्याच्या प्रत्येक तोंडाचे, स्वतंत्र नाव असते. वाड्याचे नाव एक आणि त्याच्या दोन दारांचे क्रमांक दोन, असा हा प्रकार. स्टोरेजच्या यादीत सामान्यतः पोर्टाचे नाव द्यावयाचे असते. दोन्ही नावे दिसावयास इतकी सारखी असतात की, नवखा माणूस हमखास फसतो. वर दिलेल्या नमुन्यातील पोर्टाचे नाव १० ने सुरू होते, तर त्याच कार्डाच्या नोडचे नाव बहुधा २० ने सुरू होईल आणि बाकी सर्व चिन्हे तीच असतील.

हे सारे ऐकून एखादा श्रोता म्हणेल, चूक झाली तर डिस्क दिसणार नाही, आणि आपण पुन्हा पाहू. एवढा बाऊ कशासाठी? त्याला मी स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, निवृत्तिवेतनाचे हिशेब एका युनिक्स सर्व्हरवर ठेवलेले होते. महिनाअखेर जवळ आलेली असताना त्या सर्व्हरचे कार्ड बंद पडले. नवीन कार्ड मागविले. त्याच दिवशी चाचणीसाठी आणलेल्या एका विंडोज सर्व्हरचेही कार्ड आले. दोन्ही खोकी एकाच टेबलावर उघडली गेली. मी खोक्यांवरील चिठ्ठ्या पाहून दोन्ही नावे एका कागदावर उतरवून घेतली आणि त्यावरून स्विचमध्ये व स्टोरेजमध्ये नोंद केली. माझा कागद अगदी बिनचूक होता. सोळाच्या सोळा चिन्हे बरोबर होती. चूक एवढीच झाली की, कार्डे बसविताना त्यांची अदलाबदल झाली होती, आणि ती कोणाच्याच लक्षात आली नाही.

दोन्ही सर्व्हर सुरू केले. निवृत्तिवेतनाच्या सर्व्हरला एकही डिस्क दिसेना. चाचणीच्या सर्व्हरवर मात्र एक भली मोठी डिस्क उमटली. ती विंडोजच्या ओळखीची नसल्याने त्याने आपल्या रीतीप्रमाणे विचारले, ‘ही डिस्क कोरी दिसते, वापरासाठी तयार करू काय?’ त्या यंत्रापाशी बसलेला तरुण सहकारी आपल्याच डिस्कची वाट पाहत होता. त्याचा हात होकाराकडे गेला. मागे उभे असलेले आमचे एक वडीलधारे सहकारी म्हणाले, ‘अरे, थांब जरा. तू मागितलेली डिस्क एवढी मोठी होती का रे?’ तो थांबला. मी कागद काढला, यंत्राला त्याचे स्वतःचे नाव विचारले, आणि सारा उलगडा झाला. त्या होकाराने विंडोजने डिस्कच्या आरंभाची माहिती पुसून तेथे आपली खूण घातली असती. हिशेबाची प्रत अर्थात आदल्या रात्री काढलेली होती, पण त्या दिवसाच्या नोंदी हातच्या गेल्या असत्या, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेकडे डोळे लावून बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना कोणत्या तोंडाने सांगावयाचे, की आमच्या टेबलावर दोन खोकी शेजारी शेजारी होती?

त्या दिवसापासून मी एक नियम केला आहे. नाव खोक्यावरून घ्यावयाचे नाही, जुन्या कागदावरून घ्यावयाचे नाही, आठवणीवरून तर नाहीच नाही. ते चालत्या यंत्राच्या तोंडून घ्यावयाचे. कार्डावर चिकटवलेली चिठ्ठी खरी असते, पण यंत्र बंद करून उघडल्याशिवाय ती वाचता येत नाही. सर्व्हर सुरू होताना योग्य वेळी कळ दाबली तर कार्ड आपली माहिती पडद्यावर दाखविते. क्यूलॉजिकच्या कार्डासाठी ‘कंट्रोल’ व ‘क्यू’ या कळा आणि एम्युलेक्ससाठी ‘ऑल्ट’ किंवा ‘कंट्रोल’ बरोबर ‘ई’, अशी बरीच वर्षे चालत आलेली रीत आहे. पण त्यासाठीही यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. कामाच्या दिवशी ते कोण करू देईल? म्हणून सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे सर्व्हरवर चालू असलेल्या कार्यप्रणालीलाच विचारणे.

लिनक्समध्ये हे फार सुटसुटीत आहे. ‘सिस’ या मूळ फोल्डरात ‘क्लास’, आणि त्यात ‘एफसी होस्ट’ या नावाचे फोल्डर असते. त्यात प्रत्येक पोर्टासाठी ‘होस्ट’ आणि एक अंक असे वेगळे घर केलेले असते, आणि त्या घरात ‘पोर्ट नेम’ व ‘नोड नेम’ अशा दोन छोट्या फायली असतात. त्या उघडून वाचल्या की झाले. येथे नाव ‘शून्य, एक्स’ या जोडीने सुरू झालेले दिसेल. ही जोडी नावाचा भाग नव्हे. पुढील संख्या सोळांच्या मापाची आहे एवढेच ती सांगते. स्टोरेजमध्ये नोंद करताना ती सोडून द्यावी. गाळावयाचे शून्य सबंध नावात हे एकच, बाकीच्या एकालाही हात लावू नये.

विंडोजमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून ‘पॉवरशेल’च्या खिडकीत ‘गेट-इनिशिएटरपोर्ट’ ही आज्ञा दिली की नोडचा पत्ता व पोर्टाचा पत्ता शेजारी शेजारी येतात. आयबीएमच्या ‘एआयएक्स’मध्ये कार्डांना ‘एफसीएस०’, ‘एफसीएस१’ अशी नावे असतात. ‘एलएससीएफजी’ या आज्ञेला ते नाव देऊन सविस्तर माहिती मागितली की, त्यात ‘नेटवर्क ॲड्रेस’ या ओळीपुढे सोळा चिन्हे दिसतात. नवख्याला ते नेहमीच्या संगणक-जाळ्याचा पत्ता वाटून तो पुढे शोधत राहतो, पण आपल्याला हवे असलेले पोर्टाचे नाव तेच. सोलारिसमध्ये ‘एफसीइन्फो’ ही आज्ञा कार्डाचा उत्पादक, पोर्टाचे नाव, नोडचे नाव आणि पोर्ट चालू आहे की बंद, हे सर्व एकदम सांगते. एचपी-यूएक्समध्ये ‘आयओस्कॅन’ने कार्ड कोठे आहे ते शोधावे आणि ‘एफसीएमएसयूटिल’ला त्याचे नाव विचारावे. व्हीएमवेअरच्या यादीत मात्र सावध राहावे. तेथे दोन्ही नावे एकाच ओळीत जोडून येतात, आधी नोडचे आणि नंतर पोर्टाचे. घाईने पहिले उचलणारा माणूस वाड्याचे नाव घेऊन जातो आणि दार राहून जाते.

यंत्राने सांगितलेल्या नावाची एकदा दुसऱ्या तोंडूनही खात्री करून घ्यावी. कार्डाची केबल स्विचला जोडली गेली की कार्ड तेथे आपले नाव सांगून हजेरी लावते. कोणत्या पोर्टात कोणते नाव हजर आहे याची यादी स्विच ठेवतो आणि विचारल्यास दाखवितो. सिस्कोच्या स्विचवर ‘शो फ्लोगी डेटाबेस’, ब्रोकेडच्या स्विचवर ‘स्विचशो’, असे त्या विचारण्याचे शब्द आहेत. सर्व्हर म्हणतो माझे नाव अमुक, आणि त्याची केबल ज्या पोर्टात आहे तेथे स्विचही तेच नाव दाखवितो; असे दोघे साक्षीदार जुळले म्हणजे नोंद करावयास हरकत नाही. माझ्या त्या महिनाअखेरीच्या दिवशी मी एवढेच केले असते तर पाच मिनिटांत अदलाबदल उघडकीस आली असती.

नाव मिळाले, खात्री झाली, तरी ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना धोका असतोच, आणि येथे पुन्हा शून्यच आडवे येते. ‘०७’ च्या जागी कोणी ‘७’ लिहितो. टिंबे असेपर्यंत ते कसेबसे कळते, पण टिंबे काढून सर्व चिन्हे जोडली की ‘४२७५०’ उरते. ते ‘४२, ०७, ५०’ होते, की ‘०४, २७, ५०’, की ‘४२, ७५, ००’ मधले काही सांडले, हे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून पहिला नियम असा की, चिन्हे मोजावीत. सोळा भरली नाहीत तर नोंद करू नये. दुसरे असे की, कोष्टके मांडणाऱ्या एक्सेलसारख्या प्रोग्रॅमवर आंधळा विश्वास ठेवू नये. तो अशा नावाला संख्या समजतो. सोळाही चिन्हे अंकच असली तर तो पंधराच अंक राखतो आणि सोळाव्याच्या जागी आपल्या मनाने शून्य घालतो. अंकांच्या मध्ये एकटे ‘ई’ आले तर त्याला ती दहाच्या घातांची खूण वाटते. तेव्हा तो रकाना आधीच मजकुराचा म्हणून ठरवून मगच त्यात नावे भरावीत.

तिसरा धोका उच्चाराचा. दूरध्वनीवर नाव सांगताना बी, सी, डी, ई ही अक्षरे कानाला सारखीच लागतात. हातच्या अक्षरात आठाचा इंग्रजी अंक आणि बी, शून्य आणि डी एकमेकांसारखे दिसतात. एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची आहे. या मापात एफच्या पुढचे अक्षर येतच नाही. त्यामुळे इंग्रजी ‘ओ’ अक्षराची शंकाच घ्यावयास नको. तसे दिसणारे वाटोळे चिन्ह एक तर शून्य असेल, नाही तर वाईट हस्ताक्षरातील डी. म्हणून मोठ्याने वाचताना ‘ओ’ न म्हणता ‘शून्य’ म्हणावे. एकाने दोन-दोन चिन्हे वाचावीत आणि दुसऱ्याने ती ऐकून परत म्हणावीत. जुन्या पेढ्यांत एक मुनीम रक्कम वाची आणि दुसरा ताळा करी, त्यातलीच ही रीत.

आणखी दोन प्रसंगी विशेष जपावे लागते. काही मोठ्या चौकटींत, जेथे अनेक सर्व्हर फडताळातील पुस्तकांसारखे शेजारी शेजारी सरकविलेले असतात, तेथे कार्डाचे जन्मनाव झाकून त्याला चौकटीच्या व्यवस्थेनेच एक कामचलाऊ नाव दिलेले असते. सर्व्हर बदलला तरी नाव तेच राहावे, हा त्यामागील हेतू. अशा वेळी कार्डावरची चिठ्ठी एक सांगते आणि चालते यंत्र दुसरे. यंत्राचे ऐकावे, कारण स्विचपाशी जे नाव हजर होते तेच व्यवहारातले नाव. दुसरा प्रसंग कार्ड बदलण्याचा. जन्मनाव कार्डाबरोबर येते आणि कार्डाबरोबरच जाते. सर्व्हर तोच, जागा तीच, केबलही तीच, पण कार्ड नवे असेल तर स्टोरेजच्या दृष्टीने दाराशी परका उभा आहे. तेव्हा नव्या नावाची नोंद करावी आणि, हे फार लोक विसरतात, जुने नाव यादीतून काढून टाकावे. नाही तर काढलेले ते कार्ड दुरुस्त होऊन उद्या दुसऱ्याच सर्व्हरमध्ये बसले तर त्याला तुमच्या डिस्कचे दार उघडे सापडेल.

जमीन विकली की मध्य प्रदेशात नामांतरण आणि महाराष्ट्रात फेरफार लागतो, तो याच कारणासाठी. शेत आपल्या जागीच असते, पण दप्तरातील नाव बदलले नाही तर पुढच्या पिढीत कज्जा उभा राहतो. म्हणून प्रत्येक संगणक-कक्षात एक साधी वही असावी. तीत सर्व्हरचे नाव, कार्ड कोणत्या खाचेत आहे, कोणते पोर्ट, त्या पोर्टाचे पूर्ण सोळा चिन्हांचे नाव, ते स्विचच्या कोणत्या पोर्टात जाते, नोंद कोणी केली आणि कोणत्या तारखेस, इतकेच असावे. कार्ड बदलले की त्याच दिवशी जुनी ओळ खोडून नवी लिहावी. हे काम एखाद्या हुशार अभियंत्याला कमी प्रतीचे वाटेल. पण रात्री दोन वाजता डिस्क दिसेनाशी झाली म्हणजे हुशारीपेक्षा ही वहीच उपयोगी पडते, हे मी अनुभवाने सांगतो.

चतुर्भुजाच्या देवळातील तो लेख ज्याने कोरला त्याचे काम एका बागेची मापे आणि माळांचा आकडा दगडावर उतरविण्याचे होते. त्याने मापे घेतली तशी लिहिली, २७० चे शून्य आपल्या जागी ठेवले, ५० चे आपल्या जागी ठेवले, आणि तो आपल्या वाटेने गेला. आज कोणी तो लेख वाचला तर त्याला बाग केवढी होती आणि माळा किती होत्या हे अचूक कळते. सर्व्हरच्या पाठीमागे वाकून सोळा चिन्हांचे नाव उतरविणाऱ्या आजच्या कारागिराकडूनही आपली अपेक्षा एवढीच आहे. त्याने नाव यंत्राकडूनच विचारून घ्यावे, जसे आहे तसे लिहावे, आणि शून्य गाळू नये. त्याने लिहिलेल्या त्या एका ओळीवर कोणाचे तरी निवृत्तिवेतन, कोणाचा तरी परीक्षेचा निकाल आणि कोणाच्या तरी आजाराचे कागद अवलंबून आहेत, याचा त्याने विसर पडू देऊ नये.